एका वळणावरचे तीन शेजारी: राइनगाऊ, राइनहेसन आणि नाहे यांच्या ड्राय रीसलिंगची तुलना

प्रश्न फ्रँकफुर्टजवळ राहणाऱ्या एका वाचकाचा आहे. राइनगाऊ, राइनहेसन आणि नाहे हे जर्मनीतले तीन वाइन-प्रदेश एकमेकांना खेटून आहेत. त्यांनी तिन्हींची एकेक ‘रीसलिंग ट्रोकेन’, म्हणजे ड्राय रीसलिंग, आणून एकत्र चाखली. फरक जाणवला, पण तो प्रदेशाचा, मातीचा की बनवणाऱ्याच्या हाताचा हे कळेना. तुलना कशी करावी आणि त्यात नेमकं काय शोधावं?

तुम्हाला जाणवलेला फरक बहुधा साखरेचा होता. तीन बाटल्यांवर ‘ट्रोकेन’ छापलेलं असलं तरी तिन्ही सारख्या ड्राय असतीलच असं नाही. प्रदेशाकडे वळण्याआधी हा घोळ निस्तरायला हवा, कारण बहुतेक घरगुती तुलना इथेच फसतात.

नियम असा आहे. लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर उरली असेल तर वाइन सरळ ट्रोकेन. त्यावर 9 ग्रॅमपर्यंतही चालते, पण साखर आम्लापेक्षा 2 ग्रॅमहून जास्त असता कामा नये. म्हणजे आम्ल 7 ग्रॅम असेल तर साखर 9 पर्यंत, आम्ल 6 असेल तर 8 पर्यंत. रीसलिंगमध्ये 7 ग्रॅम आम्ल ही नेहमीची गोष्ट असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक उत्पादकाला 9 पर्यंत मोकळीक मिळते. एकाने 1.5 ग्रॅमवर थांबवलेली आणि दुसऱ्याने 8 ग्रॅमवर थांबवलेली, दोन्ही कायद्याने ट्रोकेन. जिभेला मात्र दुसरी जास्त गोलसर, जास्त फळदार आणि ‘पिकलेली’ वाटते, आणि आपण लगेच म्हणतो की या प्रदेशात ऊन जास्त असणार.

हा फरक जिभेला एकदा शिकवून ठेवा. 50 ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून एकूण 100 मिली पाक करा. त्याच्या एका मिलीत अर्धा ग्रॅम साखर येते. 2 ग्रॅमच्या आतली एक खडखडीत ड्राय रीसलिंग तीन ग्लासांत प्रत्येकी 200 मिली ओता. लहान मुलांच्या औषधाबरोबर बिनसुईची सिरिंज येते, तिने दुसऱ्या ग्लासात 1.6 मिली पाक घाला (लिटरमागे 4 ग्रॅम वाढले) आणि तिसऱ्यात 2.8 मिली (7 ग्रॅम वाढले). पहिल्यात तेवढंच साधं पाणी घाला, नाहीतर पातळपणाचा फरक मधे येतो. ढवळा, ग्लासांची अदलाबदल करा आणि चाखा. गंमत अशी की तिसरा ग्लास फारसा ‘गोड’ लागत नाही, तो ‘चांगला’ लागतो. वाइनमधली उरलेली साखर बरीचशी फ्रुक्टोज असते, कारण यीस्ट आधी ग्लुकोज संपवतं, आणि फ्रुक्टोज आपल्या डब्यातल्या साखरेपेक्षा जास्त गोड. त्यामुळे खऱ्या बाटलीत हा परिणाम थोडा अधिकच असतो.

साखर आणि आम्लाचे आकडे लेबलवर क्वचितच असतात. उत्पादकाच्या माहितीपत्रकात मात्र बहुतेक वेळा सापडतात. ते पाहून साखरेत 2 ग्रॅमपेक्षा जास्त फरक नसलेल्याच बाटल्या एकत्र मांडा. तुलनेत फ्रान्सच्या आल्झासची बाटली घेतलीत तर एक खाचखळगा लक्षात ठेवा: आम्लाचा जर्मन आकडा टार्टारिक आम्ल धरून मोजलेला असतो, फ्रेंच आकडा बऱ्याचदा सल्फ्युरिक आम्ल धरून. फ्रेंच आकड्याला 1.53 ने गुणायचं. कागदावरचे 5 म्हणजे आपले साडेसात.

आता भूगोल. ऱ्हाइन नदी साधारणपणे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. माइन्त्सजवळ टाउनस डोंगर आडवा येतो आणि नदी सुमारे 30 किलोमीटर पश्चिमेकडे वळते. बिंगेनला तिला डोंगरातून वाट सापडते आणि ती पुन्हा उत्तरेला लागते. या आडव्या तुकड्याच्या उजव्या काठावर, डोंगर पाठीशी आणि उतार दक्षिणेकडे, तो राइनगाऊ. समोरचा डावा काठ आणि त्यामागचा टेकड्यांचा मोठा पसारा म्हणजे राइनहेसन. बिंगेनलाच नाहे ही उपनदी येऊन मिळते, आणि तिच्या खोऱ्यात वर वर जात राहिलं की नाहे प्रदेश. म्हणजे बिंगेनच्या घाटावर उभं राहिलं की तिन्ही प्रदेश नजरेच्या टप्प्यात येतात.

पण या सीमा प्रशासनाच्या आहेत, मातीच्या नव्हेत. समोरच्या तीरावर र्‍युडेसहाइमचा डोंगर दिसतो, क्वार्टझाइट (कठीण, गारेसारखा खडक) आणि स्लेट (पाटीचा दगड) यांचा. बिंगेनच्या बाजूचा शार्लाखबेर्गही क्वार्टझाइटचाच. एक राइनगाऊत, दुसरा राइनहेसनमध्ये, तरी दोघांच्या वाइन सख्ख्या चुलतभावांसारख्या. उलट शार्लाखबेर्ग आणि वेस्टहोफेनचा मोरश्टाइन दोन्ही राइनहेसनचे, पण मोरश्टाइन चुनखडीवर. डोळे बांधून चाखल्या तर हे दोघे एका घरातले आहेत असं कुणी म्हणणार नाही. म्हणून ‘राइनहेसनची रीसलिंग कशी लागते?’ या प्रश्नाला खरं उत्तर नाही. ‘तिथल्या रोटर हांग या एका उताराची कशी लागते?’ याला आहे.

राइनगाऊ आकाराने लहान, जेमतेम 3,200 हेक्टर, आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग एकट्या रीसलिंगचा. योहानिसबेर्गच्या वाड्यावर 1720 मध्ये फक्त रीसलिंगचीच लागवड झाली, आणि गाइसेनहाइमची द्राक्षसंशोधन संस्था 1872 पासून इथेच आहे. उताराच्या वरच्या टप्प्यात कातळ आणि खडी; खाली नदीकडे येताना गाळ, पोयटा, मार्ल (चुनखडीमिश्रित चिकणमाती). पश्चिम टोकाला र्‍युडेसहाइमच्या श्लोसबेर्ग, रोटलांड, रोझेनएक या बागांमध्ये चढ इतका की काही ठिकाणी माणसाला नीट उभं राहता येत नाही. इथल्या चांगल्या ड्राय वाइनची ओळख म्हणजे ताठपणा. घोट घेतल्यावर आम्ल जिभेच्या मधोमध सरळ रेषेत मागे जातं, आणि फळ (हिरवट पीच, सफरचंद, लिंबाची साल) त्याच्या मागून येतं. दोन वर्षांच्या आत उघडली तर बऱ्याचदा कंटाळवाणी वाटते. हा दोष नाही, घाई आहे. मधल्या गावांच्या खोल जमिनीतल्या वाइन मात्र अंगाने भरलेल्या असतात, त्यामुळे ‘राइनगाऊ म्हणजे सडसडीत’ हेही पुरतं खरं नाही.

राइनहेसन जर्मनीतला सगळ्यात मोठा प्रदेश, सुमारे 27,000 हेक्टर. रीसलिंगचा वाटा पाचवा भाग, तरीही हेक्टरांत मोजलं तर राइनगाऊपेक्षा इथे रीसलिंग जास्त आहे. पाऊस वर्षाला 500 मिमीच्या आसपास. आपल्याकडच्या सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्याशी जुळणारा आकडा, फक्त तो बाराही महिने थोडाथोडा पडतो. बराचसा भाग सपाट आणि सुपीक, म्हणून स्वस्त वाइनचा इतिहासही इथलाच. पण दोन जागा वेगळ्या काढाव्या लागतात.

पहिली रोटर हांग, म्हणजे ‘तांबडा उतार’. नीरश्टाइन ते नाकेनहाइम, थेट ऱ्हाइनवर झुकलेला, सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वीच्या लोहयुक्त तांबड्या चिकणदगडाचा. पेटेनटाल, हिपिंग, ओलबेर्ग, नाकेनहाइमचा रोटेनबेर्ग ही लेबलवर शोधायची नावं. उतार पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन भरपूर. वाइनमध्ये पिवळी फळं, जर्दाळू, थोडं मसाल्याचं अंग आणि जिभेवर रुंदी. आम्ल कमी असतं असं नाही, ते फळाच्या आत दडलेलं असतं. नवख्या माणसाला पहिल्या घोटात आवडणारी तीनांतली हीच.

दुसरी जागा दक्षिणेकडची वोनेगाऊ: वेस्टहोफेन, फ्लोर्सहाइम-डाल्सहाइम. इथे चुनखडी. मोरश्टाइन, किर्शश्पील, हुबाकर या बागांच्या वाइनला वास सुरुवातीला कमी. तोंडात मात्र आवळलेली पकड, शेवटी खडूसारखा कोरडेपणा आणि खारट वाटणारी चव. त्या ‘वाटणारी’वर जोर आहे. दगडातली खनिजं मुळांवाटे ग्लासात येतात हे ऐकायला छान, पण तसं होत नाही. दगड ठरवतो ते पाणी किती टिकेल, जमीन किती तापेल आणि वेल किती जोमाने वाढेल. चव त्यातून, द्राक्षाच्या पिकण्यातून येते. ‘मिनरल’ हा शब्द वापरा, पण खारट, खडूसारखा की ठिणगीच्या वासाचा, तेही लिहा. नाहीतर तो शब्द काहीच सांगत नाही.

नाहे सर्वांत गुंतागुंतीचा. क्षेत्र सुमारे 4,200 हेक्टर, आणि स्वतंत्र प्रदेश म्हणून मान्यता 1971 च्या वाइन-कायद्याने. नदीच्या वळणावळणाला दगड बदलतो. खाली, संगमाजवळ, डोर्सहाइम आणि म्युन्स्टर-सार्म्सहाइमकडे स्लेट, क्वार्टझाइट आणि पोयट्याची सरमिसळ. मध्यभागी ज्वालामुखीचे खडक: ट्रायसेनची बास्ताय ही चिमुकली बाग रोटेनफेल्सच्या 202 मीटर उंच उभ्या कड्याच्या पायथ्याशी आहे, दिवसभर तापलेला कडा रात्री ऊब परत देतो. श्लोसबोकेलहाइमची कुप्फरग्रूबे म्हणजे शब्दशः तांब्याची खाण. 1902 मध्ये स्थापन झालेल्या प्रशियाच्या सरकारी वाइन-केंद्राने जुन्या खाणीचा हा डोंगर लागवडीखाली आणला. आणखी वर मोन्त्सिंगेनला हालेनबेर्ग निळसर स्लेटवर आणि त्याच्याच शेजारचा फ्र्युलिंग्सप्लेत्सशेन तांबड्या मातीवर. एकाच उत्पादकाच्या या दोन बागांच्या बाटल्या एकाच वर्षाच्या मिळाल्या तर प्रदेशांची तुलना बाजूला ठेवून आधी हीच करा. पहिली थंड, घट्ट, धारदार. दुसरी मोकळी, फळाची, लवकर बोलकी होणारी. वरच्या नाहेचं सामाईक लक्षण सांगायचं तर पारदर्शकपणा: अंग हलकं, पण चव लांब टिकते. समुद्रापासून दूर, उंचीवरच्या थंड रात्री आणि उशिरा पिकणं हे त्यामागचं कारण.

बनवणाऱ्याचा हात वेगळा काढायचा तर सोपा उपाय आहे: हात एकच ठेवा. म्युन्स्टर-सार्म्सहाइमचे क्रुगर-रुम्फ नाहेतली डाउटेनफ्लेन्त्सर ही बागही करतात आणि नदीपलीकडचा, राइनहेसनमध्ये मोडणारा बिंगेनचा शार्लाखबेर्गही. दोन्ही ड्राय, तळघर एक, वर्ष एक. तसंच केलर हे फ्लोर्सहाइम-डाल्सहाइमचे उत्पादक चुनखडीवरच्या बागांबरोबर नीरश्टाइनच्या हिपिंग आणि पेटेनटालचीही वाइन करतात. त्यांच्या बाटल्या महाग आणि दुर्मिळ, पण एकाच प्रदेशातला दगडाचा फरक दाखवायला त्याहून चांगली जोडी नाही. असं काही हाती नसेल तर निदान पद्धत जुळवा. स्टीलच्या टाकीतली आणि 1,200 लिटरच्या जुन्या लाकडी पिंपातली (तिकडे त्याला ‘श्ट्युक’ म्हणतात) वाइन शेजारी ठेवलीत तर स्टीलची टवटवीत आणि पिंपातली मऊ लागेल. तो फरक ऱ्हाइनच्या दोन काठांचा नव्हे.

विकत घेताना पायरी एकच धरा. व्हीडीपी या उत्पादक-संघाच्या बाटल्यांवर झाकणापाशी द्राक्षांचा घोस घेतलेला गरुड असतो. त्यांच्याकडे सर्वांत खाली गुट्सवाइन (उत्पादकाच्या सगळ्या बागांची मिळून), मग ओर्ट्सवाइन (एका गावची), त्यावर एकेकट्या बागांच्या वाइन. सर्वोच्च बागेची ड्राय वाइन म्हणजे ग्रोसेस गेवेक्स, बाटलीवर ‘जीजी’. प्रदेशांच्या तुलनेला ओर्ट्सवाइन सर्वांत उपयोगी. गुट्सवाइनमध्ये जागा पुसली जाते, आणि जीजी तरुणपणी मुकी असते, शिवाय खिशाला जड. साध्या राइनहेसनसमोर राइनगाऊची जीजी ठेवून ‘राइनगाऊच भारी’ असा निकाल देणं म्हणजे डब्यातला आमरस आणि देवगडचा हापूस यांची तुलना.

लेबलवरचे आणखी तीन सापळे. ‘काबिनेट’ आणि ‘श्पेटलेजे’ हे शब्द तोडणीच्या वेळी रसात साखर किती होती ते सांगतात, बाटलीत किती उरली ते नाही. पुढे ‘ट्रोकेन’ असेल तरच नक्की ड्राय. शब्द सापडत नसेल तर अल्कोहोल बघा: 8-9 टक्के असेल तर साखर उरलेली आहे, 12-13 असेल तर बहुधा ड्राय. दुसरं, ‘फाइनहेर्ब’ला कायद्यात मर्यादाच नाही, ती या मांडणीतून वगळा. तिसरा सापळा फसवा. ‘र्‍युडेसहाइमर रोझेनगार्टन’ वाचून राइनगाऊचं प्रसिद्ध र्‍युडेसहाइम वाटतं, पण हे नाव बाड क्रोइत्सनाखजवळच्या, नाहेतल्या दुसऱ्याच र्‍युडेसहाइमचं, आणि एका बागेचं नसून मोठ्या पट्ट्याचं. नीरश्टाइनच्या नावाने विकली जाणारी ‘गुटेस डोमटाल’ही तशीच: बहुतेक क्षेत्र तांबड्या उताराच्या मागे, लांब.

वर्ष सगळ्यांचं एकच हवं, यात सूट नाही. 2018 आणि 2022 उष्ण, कोरडी. अशा वर्षी खडकाळ उतारावरच्या कोवळ्या वेलींना पाणी पुरत नाही आणि खालच्या ओल धरणाऱ्या पोयट्याच्या बागा सरस ठरतात. 2021 थंड आणि ओलं, आम्ल चढं; तेव्हा लवकर निचरा होणारे, तापणारे उतार जिंकतात. म्हणजे प्रदेशांचा क्रम वर्षागणिक उलटू शकतो. शिकायला 2021 उत्तम: कोणाचं आम्ल कच्चं राहिलं आणि कोणाचं पिकलं ते लगेच कळतं. कच्चं आम्ल हिरव्या सफरचंदासारखं दातांवर येतं, पिकलेलं लाळ सुटवतं.

आता प्रत्यक्ष चाखणं. सहा बाटल्या पुरेत, प्रदेशागणिक दोन, वेगवेगळ्या उत्पादकांच्या. एकेकच घेतली तर प्रदेश आणि उत्पादक वेगळे काढताच येत नाहीत. तुमची गफलत तीच होती. फ्रिजमधून काढून 15 मिनिटं बाहेर ठेवा, 10-11 अंशांवर ओता. 6 अंशांना सगळ्या सारख्याच आंबट आणि बिनवासाच्या लागतात, 15 ला अल्कोहोल नाकात चढतं. बाटल्या फॉइलमध्ये गुंडाळा आणि आकडे दुसऱ्या कुणाला तरी घालायला सांगा. ग्लास सगळे एकाच आकाराचे, प्रत्येकात 50 मिली. साबणाचा आणि कपाटाचा वास जाईल असे आधी नुसत्या पाण्याने विसळलेले.

पहिल्या फेरीत फक्त नाक. दुसऱ्या फेरीत घोट घेऊन थुंका. प्रत्येकीसाठी चारच गोष्टी लिहा: आम्ल जिभेवर कुठे बसतं (टोकाला, कडांना की मधोमध), घोट रुंद की अरुंद, शेवटी कोरडेपणा कसा, आणि थुंकल्यावर चव किती सेकंद टिकते. फळांच्या नावांची यादी करत बसू नका. पीच आणि जर्दाळू यीस्ट व तापमानानेही बदलतात, घोटाची बांधणी सहसा नाही. मग सहा ग्लासांच्या तीन जोड्या लावा आणि फॉइल काढा. जोड्या प्रदेशाऐवजी दगडाप्रमाणे लागल्या तर तुम्ही चुकलेला नाही, उलट जमलं आहे.

काही वास प्रदेशाचे समजले जातात, ते दुसऱ्याच कारणाचे असतात. नुकत्या विझलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास गंधकयुक्त संयुगांचा, नैसर्गिक यीस्टवर आंबवलेल्या आणि यीस्टच्या गाळावर बराच काळ ठेवलेल्या वाइनमध्ये सर्रास. ग्लास गोल फिरवून वीस मिनिटं थांबलं की तो बराच उतरतो, पूर्ण हटला नाही तर बाटली भांड्यात ओतून तासभर ठेवा. रॉकेलची झाक टीडीएन या रेणूची. द्राक्षांवर ऊन जास्त पडलं की ती वाढते आणि बाटलीत वर्षागणिक चढते. बुचाचं लाकूड हा रेणू काही प्रमाणात शोषतं, फिरकीचं झाकण शोषत नाही. तेव्हा बुचाची आणि झाकणाची बाटली शेजारी ठेवताना ते ध्यानात असू द्या. डांबराच्या गोळ्यांसारखा, ओल्या फडक्यासारखा वास येऊन फळ नाहीसं झालं असेल तर तो अकाली म्हातारपणाचा दोष, पाण्याच्या आणि नत्राच्या ताणातल्या वेलींच्या वाइनमध्ये येणारा. दमट पुठ्ठ्याचा वास म्हणजे खराब बूच. या शेवटच्या दोन्ही बाटल्या तुलनेतून काढा. हवा देऊन त्या सुधारत नाहीत. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, त्यात काही वाईट नाही.

तुलना जेवणाआधी करा, जेवताना नव्हे. नंतर मात्र रवा लावून तळलेली सुरमई किंवा कोळंबी, वर लिंबू, यासोबत रोटर हांगची बाटली छान जाते. लिंबाच्या आंबटपणामुळे वाइनचं आम्ल मवाळ होतं. अळूवडी त्रास देते, कारण गुळापुढे ड्राय वाइन एकदम उघडी, करकरीत आंबट पडते. झणझणीत रश्श्याला 13 टक्के अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. तिथे थोडी साखर उरलेली फाइनहेर्बच बरी.

भारतात नेणार असाल तर हिशेब आधीच करा. प्रवाशाला शुल्काशिवाय 2 लिटर मद्य आणता येतं. तीन प्रदेशांच्या तीन बाटल्या म्हणजे सव्वादोन लिटर, म्हणजे एक प्रदेश विमानतळावर उरतोच. दोघे असाल तर प्रत्येकी दोन, म्हणजे चार नेता येतात. पुण्यात किंवा मुंबईत त्या कपाटात ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये घरात 35 अंश झाले की काही आठवड्यांत ताजेपणा जातो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वर्षभर राहतील.

आणि सहाही बाटल्या त्या संध्याकाळी संपवू नका. प्रत्येकीत तिसरा भाग ठेवून झाकण लावा, फ्रिजमध्ये उभ्या ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच क्रमाने, कालचे कागद न बघता चाखा. साखरेवर तरलेली वाइन तोवर सपाट झालेली असते, आणि काल गप्प बसलेली चुनखडीवरची बहुधा आज बोलायला लागते.